सायबेरियातल्या याकुत्स्क शहराची जमीन दगडासारखी गोठलेली असते, मग तिथल्या इमारती खांबांवर कशाला?

जमीन दगडासारखी असते ती गोठलेली आहे तोवरच. याकुत्स्कच्या मातीत बर्फ मिसळलेला असतो, काही ठिकाणी तर नुसत्या बर्फाचे जाड पट्टे. तिच्यावर थेट जोतं घातलं की घरातली ऊब खाली उतरते, बर्फ वितळतो आणि इमारत खचते. खचतेही सगळीकडे सारखी नाही, म्हणून भिंतींना तिरक्या भेगा जातात. 'पुरापासून बचाव' हे नेहमीचं उत्तर चूक आहे.

खांबांमुळे तळाशी मीटर-दीड मीटर मोकळी जागा राहते. जानेवारीचं सरासरी तापमान उणे 38 अंशांच्या आसपास. एवढा गार वारा इमारतीखालून खेळतो आणि जमीन गोठलेलीच राहते. हे खांब, म्हणजे पाइल, बसवायचे असे: पाइलपेक्षा थोडं रुंद भोक पाडायचं, पाइल सोडायचा, भोवतीच्या फटीत वाळू-मातीचा पातळ चिखल ओतायचा आणि तो पूर्ण गोठेपर्यंत थांबायचं. घाई इथेच नडते. भार मुख्यतः पाइलच्या बाजूंना धरून बसलेला गोठलेला चिखल पेलतो, टोक नव्हे. जमीन उणे 4 वरून उणे 1 वर आली, तर काहीही न वितळता ही पकड ढिली पडते. उन्हाळ्यात वरचा मीटर-दोन मीटर थर वितळतो, हिवाळ्यात पुन्हा गोठताना फुगतो आणि पाइल वर खेचतो. म्हणून खोली त्याच्या कितीतरी खाली, बहुधा 8 मीटरपासून पुढे.

आता आपल्याकडच्या स्थापत्यवाल्यांचा लाडका सल्ला: 'पक्की जमीन लागेपर्यंत खणा', म्हणजे इथे गोठलेला थर संपेपर्यंत. खणून पाहिलंय की! एका व्यापारी कंपनीचा कारभारी फ्योदोर शेर्गिन याने पाण्यासाठी 1828 साली याकुत्स्कमध्ये विहीर काढायला घेतली. 1837 पर्यंत 116 मीटर खाली गेले, पाणी नाही, गोठलेला थरही संपला नाही. पुढे मिडेनडॉर्फ या संशोधकाने तिच्यात निरनिराळ्या खोलीवर तापमानं मोजली, तळाशीही शून्याखालीच. त्यामुळे हा सल्ला तिथे फुकट आहे.

एवढं खोल गोठण्याला नुसते अक्षांश कारण नाहीत. रेक्याविक याकुत्स्कच्याही उत्तरेला, पण तिथला जानेवारी शून्याच्या आसपास, कारण भोवती समुद्र. याकुत्स्क खंडाच्या पोटात. हिवाळाभर जास्त दाबाची कोरडी, निरभ्र हवा बसून राहते. वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून जेमतेम 240 मिलिमीटर. बर्फाची दुलई पातळ, त्यामुळे थंडी जमिनीत थेट शिरते.

बिघाड बहुतेक माणसाच्या हातचा: गरम पाण्याची किंवा सांडपाण्याची नळी गळते, कुणी खालची जागा बंद करून कोठार करतं, अंगणातला बर्फ लोटून भिंतीलगत ढीग घालतं. वारा थांबला की जमीन गरम व्हायला लागते. म्हणूनच तिथे नळही जमिनीवरून, गुंडाळून नेतात.

हे बर्फाळ मातीपुरतं. खाली अखंड खडक किंवा बर्फ नसलेली भरड खडी असेल, तर थेट पायाही चालतो.