रेझिन आर्टला नवीन आहात? आधी एवढंच सांभाळा

रेझिन म्हणजे हार्डनर नावाचा दुसरा द्रव मिसळल्यावर कडक होणारा द्रव; त्यात रंग मिसळून तो फलकावर ओतायचा. पण पहिल्याच फलकावर सगळे रंग ओतायचा मोह आवरा. नारिंगी आणि निळा ओले असतानाच एकमेकांत शिरले की मधे मातकट तपकिरी पट्टा उमटतो आणि सगळा उत्साह मावळतो. पिवळा, गुलाबी आणि भरपूर पांढरा घ्या. चित्रातली प्रसन्नता बरीचशी त्या मोकळ्या पांढऱ्यातूनच येते, असं माझं तरी मत आहे.

बाकी कलेपेक्षा शिस्तीचा भाग:

- रेझिन-हार्डनरचं प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेच. ते वजनाने आहे की मापाने, हे नीट वाचा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवलात तर काम चिकटच राहील.
- तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. भराभर फेटलंत की बुडबुडेच बुडबुडे.
- रंग थेंबाथेंबाने. पाण्यातले रंग सध्या नकोतच.
- नायट्राइल हातमोजे आणि खेळती हवा. यात तडजोड नाही.

ओतण्याआधी फलक समपातळीत आहे ना, ते तपासा. नंतर धूळ बसू नये म्हणून वर खोका झाका आणि 24 तास बोट लावू नका (लावावंसं वाटेलच!). सेल्स (रंगात उमटणारी पेशींसारखी गोल नक्षी), थरावर थर वगैरे पुढे बघू. पहिला तुकडा झाला की दाखवा.