वाचकांचे प्रश्न : गाडी घेऊन रानात पहिला मुक्काम

प्रश्न : आम्ही चौघे मित्र. गाडी साधी हॅचबॅक. डिसेंबरात भंडारदऱ्याकडे दोन रात्री तंबूत काढायचा बेत आहे. फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी) नसली तर जमेल का? आणि तंबू कुठेही ठोकता येतो का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण पहिली सहल गाडीपेक्षा जागेपायी जास्त फसते. भंडारदरा जलाशयाभोवतीचं बरंचसं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि तिथे आग लावणं गुन्हा आहे. म्हणजे झाडी बघून गाडी आत घातली आणि तंबू टाकला, असं चालत नाही. शेंडी गावच्या नाक्यावर पावती फाडताना मुक्कामाचं स्पष्ट विचारा आणि रतनवाडी, मुरशेत अशा गावांत कुणाच्या तरी मालकीच्या जागेत उतरा. पाणी, संडास आणि रात्री हाक मारायला माणूस, तिन्ही सोयी एका जागी होतात.

डिसेंबरात भातकापणी झालेली असते, खाचरं रिकामी आणि सपाट असतात. पण कापलेल्या भाताची धसकटं सुयांसारखी उभी राहतात आणि तंबूचा तळ फोडतात. मालकाला विचारून विळ्याने तेवढा तुकडा साफ करा, वर जाड ताडपत्री घाला. ती तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी बोटभर आतच हवी. बाहेर आली तर दव तिच्यावर साचून थेट तुमच्या खाली येतं. अगदी पाण्याच्या काठाला जाऊ नका. फोटो छान येतो, पण गार हवा उताराने तिथेच येऊन बसते.

आता गाडी. या गावांपर्यंत डांबर आहे, खड्ड्यांसकट. फोर बाय फोर लागत नाही. अडचण वजनाची होते : चार माणसं आणि सामान घातलं की हॅचबॅकची मागची बाजू बसते आणि गतिरोधकावर पोट घासतं. पाण्याचे कॅन, शेगडी असं जड सामान खाली, मागच्या सीटला टेकून ठेवा. टपावर फक्त हलकं. टपाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते आणि ती वाटते त्यापेक्षा कमी असते.

शेवटचं अंतर कमी धरू नका. अंधार पडायच्या दोन तास आधी जागेवर पोचायचं, म्हणजे डिसेंबरात चारच्या सुमारास. टाकी घोटीलाच भरून घ्या.

प्रश्न : खराब रस्त्यावर टायरची हवा कमी करायची म्हणतात. किती? – एक वाचक, नाशिक

उत्तर : डांबरावर ३३ पीएसआय ठेवत असाल तर मोठ्या दगडगोट्यांच्या वाटेवर २६ पर्यंत उतरवा. मऊ टायर दगडावर दबतो, पकड वाढते, धक्के कमी बसतात. मात्र वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवा आणि गाडी भरलेली असेल तर याहून खाली जाऊ नका : टायर दबून रिमला दगड लागतो, बाजूची भिंत चिरते. तिथली चीर पंक्चर किटच्या पट्टीने बुजत नाही, स्टेपनीच लावावी लागते. डांबर लागण्याआधी हवा पुन्हा भरायची. कमी हवेत वेगाने गेल्यास टायर तापून फुटतो.

म्हणजे १२ व्होल्टचा पंप हवाच. इंजिन चालू ठेवून वापरा. छोटा पंप लवकर तापतो, दोन टायर झाले की गार होऊ द्या. आणखी एक बिनखर्चाची वस्तू : फूटभर लांबरुंद, इंचभर जाड लाकडी फळी. मऊ जमिनीत जॅक रुतून गाडी कलंडते, ती या फळीने वाचते. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्यातच उतरावं. ब्रेकचा जळका वास आला तर थांबा, पण तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. ती वाकडी होते.

प्रश्न : पाऊस नसताना सकाळी तंबू आतून ओला होतो. कापड खराब आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : कापड ठीक आहे, ते तुमच्याच श्वासाचं पाणी आहे. थंडी वाजते म्हणून आपण जाळीच्या खिडक्या बंद करतो, मग वाफ गार कापडावर जमते. वरची झडप आणि जाळीच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा. थंडी खालून येते : हवेच्या गादीतली हवाच गार पडते, तिच्यावर फोमची चटई टाका. खुंट्या तंबूपासून बाहेर कललेल्या ठोका. मुरमाड जमिनीत प्लॅस्टिकच्या मोडतात, लोखंडी न्या.

प्रश्न : चौघांना दोन दिवसांचं पाणी आणि गॅस किती? तंबूत शेगडी पेटवली तर? – एक वाचक, पुणे

उत्तर : पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला ४ लिटर, म्हणजे ३२ लिटर. भांडी-आंघोळ गावच्या पाण्यावर. ओढ्याचं पाणी प्यायचंच झालं तर कापडाने गाळून खळखळून उकळा.

गॅसच्या २३० ग्रॅमच्या तीन डब्या पुरतात. उन्हात बंद गाडीत त्या ठेवू नका. तंबूत शेगडी किंवा निखारे, पेटते असोत वा विझत आलेले, अजिबात नकोत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि चूल मांडण्याआधी वर बघा : कड्याला, झाडाला आग्यामोहोळ असेल तर जागा बदला. धुराने उठलेल्या माश्या लांबपर्यंत पाठलाग करतात.

प्रश्न : सापाची भीती वाटते. – एक वाचक, कल्याण

उत्तर : रात्री लक्ष मण्यारीकडे असू द्या. ती झोपलेल्या माणसाला चावते, दंश दुखत नाही, सूजही दिसत नाही. नंतर पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात. म्हणून चेन पूर्ण वरपर्यंत लावा (वाऱ्यासाठी जाळी पुरते), बूट झटकून घाला, बॅटरीशिवाय बाहेर पाय टाकू नका. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. अवयव न हलवता १०८ला फोन आणि थेट ग्रामीण रुग्णालय. लस असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं आणि फोनला रेंज कुठे मिळते, हे पोचल्या पोचल्या गावात विचारून ठेवा.

प्रश्न : मार्चमध्ये दोडामार्गच्या जंगलात जावं का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या मुक्कामाला नको. सिंधुदुर्गात २०१६पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत आणि गोचिडीमार्फत पसरणारा हा ताप नेमका याच कोरड्या महिन्यांत वाढतो. जाणारच असाल तर पालापाचोळ्यावर बसू नका, पँट मोज्यात खोचा, रोज संध्याकाळी काख-जांघ तपासा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा, आणि परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेला होतात ते आधी सांगा.