राखणीची कुत्री घरातूनच चोरीला जाऊ नयेत म्हणून काय बंदोबस्त करावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वस्ती गावाबाहेर मळ्यात आहे, राखणीला कारवानी या देशी शिकारी जातीची जोडी आणि एक गावठी कुत्री आहे. शेजारच्या वस्तीवरून महिन्यापूर्वी एक कारवानी मादी रात्रीतून नाहीशी झाली. सगळे म्हणाले बिबट्यानं नेली, पण साखळी खुंट्यालाच होती आणि तिची कडी उघडलेली होती. आता आपल्या कुत्र्यांचं काय करावं?

बिबट्या कडी उघडत नाही. मी जुन्नरच्या बाजूला राहतो, आमच्याकडे उसात बिबट्या रोजचाच आहे. तो कुत्रं नेतो तेव्हा मागे काहीतरी ठेवतो. माती विस्कटलेली, रक्त, केस, ऊस किंवा ओढ्याकडे गेलेली फरफटीची रेघ. बांधलेलं कुत्रं असेल तर पट्टा तुटलेला किंवा खुंटा हललेला. माणसानं नेलेल्या कुत्र्याची जागा झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ असते. तरीही आमच्या पट्ट्यात कुत्रं गेलं की पहिलं नाव बिबट्याचंच निघतं, कुणी तक्रार द्यायला जात नाही, आणि चोराला पुढची वस्ती मोकळी मिळते. म्हणून शेजाऱ्यांना सांगा, अजूनही तक्रार देता येते. पुढे कुणाचं कुत्रं गेलं तर जागा तुडवण्याआधी तिचे फोटो काढा आणि वनरक्षकाला बोलवून ठसे बघायला लावा. ठसे नाहीत असं तो म्हणाला तर तेही पोलिसांना सांगण्याजोगं आहे.

आता तुमच्या कुत्र्यांबद्दल. माझं ठाम मत आहे की कुत्र्याची चोरी रात्री घडत असली तरी ती दिवसा ठरते. चोर किंवा त्याचा माणूस आधी गिऱ्हाईक होऊन येतो. "पिल्लं आहेत का?", "आमची कुत्री लावायची होती", "हा नर विकणार का?" असं विचारतो. हे प्रश्न खऱ्या शौकिनाचेही असतात, त्यामुळे विचारणाऱ्या प्रत्येकावर संशय घेऊ नका. पण त्यानंतरचे प्रश्न नीट ऐका. रात्री मोकळी सोडता का, चावतात का, पाणी द्यायला रात्री कोण जातं, मालक वस्तीवर असतात की गावात? पिल्लू घ्यायला आलेल्या माणसाला याच्याशी काय करायचंय? बाहेरच्या माणसाला पिल्लू किंवा नर दाखवायचा तर रस्त्याच्या कडेला किंवा गावातल्या घरी आणून दाखवा. कुत्री झोपतात ती जागा त्याला दिसू देऊ नका, त्याच्या हातून बिस्कीट खाऊ घालू देऊ नका, आणि जाताना गाडीचा नंबर लिहून ठेवा.

हीच गोष्ट फोनची. कारवानीला आज मागणी आहे. लातूर जिल्ह्यातल्या जानवळसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री पाळली गेली, तिकडे कर्नाटकात, जिथे यांनाच मुधोळ हाउंड म्हणतात, मुधोळला त्यांचं संशोधन आणि पैदास केंद्र आहे, २००५ साली मुधोळ हाउंडचं टपाल तिकीट निघालं, आणि ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्र्यांची नावं घेतली त्यातही मुधोळ होतं. या जातीला मान मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण मान वाढला तशी किंमत वाढली, आणि धावणाऱ्या कुत्र्याच्या व्हिडिओखाली "कुठलं आहे, किती देणार?" असं विचारणारेही वाढले. व्हिडिओ टाकायचाच तर मागे विहीर, बोर्ड, डोंगर, वस्तीचा रस्ता दिसणार नाही असा टाका, आणि गावाचं नाव लिहू नका. मादी व्यायली हे तर पिल्लं मोठी होईपर्यंत कुठेच जाहीर करू नका, कारण पिल्लं उचलायला पोत्याशिवाय काही लागत नाही.

रात्रीच्या जागेबद्दल मी जरा सविस्तर लिहितो. खुंट्याला साखळीनं बांधलेलं कुत्रं चोरासाठी सोपं आणि बिबट्यासाठी त्याहून सोपं. शिवाय आखूड किंवा जड साखळीनं जनावर फार वेळ बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पूर्ण मोकळं सोडलं तर ते माजावर आलेल्या मादीमागे शिवार ओलांडून जातं. यावर एकच चांगला उपाय मला दिसतो, तो म्हणजे वरून छप्पर असलेली जाळीची खोली, तुम्ही झोपता त्या खोलीच्या भिंतीला लागून. फाटकाजवळ नको आणि गोठ्याच्या मागेही नको. आत कुत्र्याला धावायला नाही तरी फिरायला जागा हवी. दिवसभर ती मोकळी राहोत, पहाटे एक फेरी मारू द्या, पण मधल्या गाढ झोपेच्या वेळात ती आत हवीत. धनगर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो लांडग्या-बिबट्यासाठी उत्तम आहे, माणसापुढे त्याचा उपयोग नाही.

फॅब्रिकेशनवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा. बरीच लोखंडी गेटं वर उचलली की बिजागरीतून सरळ बाहेर येतात, मग कुलूप कितीही भारी असो. म्हणून एक बिजागरी उलटी बसवायला सांगा किंवा वर अडथळ्याला लोखंडी तुकडा वेल्ड करून घ्या. दुसरं, कडी-कोयंड्याचे नटबोल्ट आतल्या बाजूला येऊ द्या, म्हणजे बाहेरून पान्यानं सुटणार नाहीत. हालचालीवर पेटणारा सोलर दिवा लावा. सिमकार्डवर चालणारा सोलर कॅमेरा बसवलात तर त्याचं तोंड कुत्र्यांकडे न ठेवता येण्याच्या वाटेकडे ठेवा, गाडी आणि चेहरा दिसला तरच उपयोग. शेतीची लाइट कधी असते आणि कधी नसते हे तुम्हाला सांगायला नको, तेव्हा बॅटरीवर चालणारंच घ्या.

तुमची गावठी कुत्री मात्र या खोलीत बंद करू नका, तिला दारात झोपू द्या. कारवानी नजरेनं शिकार करणारी जात आहे. पळायला तिच्यासारखं कुणी नाही, परक्याला अंगाला हात लावू देत नाही, पण उठसूट भुंकणं तिच्या स्वभावात कमी. गावठी कुत्री पान हललं तरी बोलते. रात्री ती भुंकायला लागली की आवाज बदलतो का ते ऐकायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्या. कोल्ह्यावर भुंकणं वेगळं, माणसावर भुंकणं वेगळं. आणि ती नेहमीच्या वेळी अगदी गप्प असेल तरीही उठून बघा.

गप्प करण्याचा मार्ग बहुतेक वेळा खाण्यातून जातो. मटणाच्या तुकड्यात किंवा पावात गुंगीच्या गोळ्या घालून कुंपणावरून टाकतात. गावाकडे एक समजूत आहे की राखणीचं कुत्रं अर्धपोटी ठेवावं म्हणजे ते जागं राहतं. मला हे अजिबात मान्य नाही. उपाशी कुत्रं जागं राहतं खरं, पण पहिला तुकडा पडला की तेच आधी धावतं. संध्याकाळी पोटभर भाकरी-दूध, जमेल तेव्हा अंडं किंवा मटण घाला, तेही रोज एकाच जागी, त्याच्याच भांड्यात. जमिनीवर काही टाकून खाऊ घालू नका, घरातल्या पोरांनीही नाही. मग परक्याच्या हातचं न खाण्याची सवय लावा. कुत्रं दोरीला धरा, त्याच्या ओळखीच्या नसलेल्या मित्राला हातात तुकडा घेऊन पुढे यायला सांगा. कुत्रं तोंड घालायला गेलं की "नको" म्हणून दोरीनं थांबवा, आणि ते तुमच्याकडे वळून बघेल त्या क्षणी तुमच्या हातून त्याहून चांगला तुकडा द्या. मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. हे जमलं की मित्र बदला, जागा बदला, शेवटी कुंपणाजवळ जमिनीवर तुकडा ठेवून करा. जमिनीवरचं सोडायला कुत्रं सगळ्यात उशिरा शिकतं, तेव्हा धीर ठेवा, आणि तोवर झोपण्याआधी बॅटरी घेऊन कुंपणाच्या कडेनं एक चक्कर माराच.

कधी कुत्रं झोकांड्या देताना दिसलं तर घरगुती उपाय करू नका. मिठाचं पाणी, दूध घशात ओतू नका, गुंगीत ते फुप्फुसात जातं. कुशीवर झोपवा, ऊब द्या, पशुवैद्याला फोन करा. उरलेला तुकडा किंवा ओकारी पिशवीत भरून ठेवा. आणि दुसरं कुणीतरी घराभोवती बघायला जाऊ द्या, कारण त्या वेळी चोर बहुधा जवळच असतो.

माजावरची मादी हे दुसरं आमिष. पैदास करायची नसेल तर नर-मादी दोघांचीही नसबंदी करून घ्या, राखणीत काही फरक पडत नाही. नर फारसा भटकत नाही, आणि पिल्लांसाठी मादी चोरणाऱ्याला ती उपयोगाची राहत नाही.

आता कागदपत्रं. लोक याकडे दुर्लक्ष करतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण कुत्रं समोर दिसत असूनही ते आपलं आहे हे सिद्ध करता येत नाही अशी वेळ येते. एकाच विणीची कारवानी कुत्री परक्याला सारखीच दिसतात. आज संध्याकाळीच फोटो काढा: दोन्ही बाजूंनी, समोरून, तुमच्या शेजारी उभं असताना, आणि खुणांचे जवळून. पंजाचं पांढरं बोट, कानाची चीर, छातीवरचा भोवरा, जुनी जखम. लसीकरणाच्या वहीत कुत्र्याचं वर्णन आणि तुमचं नाव लिहून घ्या. विकत घेतलं असेल तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. आणि मायक्रोचिप बसवा. तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, सुईनं खांद्यांच्या मधे कातडीखाली घालतात, वाचकयंत्र फिरवलं की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. ती कुत्रं कुठे आहे ते सांगत नाही, फक्त कुणाचं आहे ते सांगते, तेही क्रमांकापुढे तुमचं नाव आणि चालू मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तरच. ठावठिकाणा कळायला जीपीएसचा पट्टा लागतो, पण चोर आधी पट्टाच काढून फेकतो. मला विचाराल तर दोन्हींपैकी एकच परवडत असेल तेव्हा चिप घ्या.

कायदा आपल्या बाजूचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या समजावताना उदाहरणच कुत्र्याचं दिलंय: खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचं कुत्रं मागे यायला लावलं, तर कुत्रं मागे चालू लागलं त्याच क्षणी चोरी पूर्ण झाली. हे १८६० च्या जुन्या दंड संहितेतूनच आलंय. तेव्हा "कुत्र्याची कसली तक्रार?" असं ठाण्यात कुणी म्हणालं तर हे उदाहरण नम्रपणे दाखवा. या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. राहत्या घरातून किंवा माल ठेवायच्या बंद इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागू शकतं, त्यात सात वर्षांपर्यंत. रात्री कारवानीची जोडी उघड्यावर नसावी याला हेही एक कारण.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांच्या आत दाखवली तर प्रकरण अदखलपात्र होऊ शकतं, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हवालदारांनी किंमत विचारली आणि तुम्ही "गावठीच आहे साहेब, फुकट आणलेलं" म्हणालात तर तुमची तक्रार तिथेच लंगडी होते. शिकवलेलं राखणीचं कुत्रं फुकट नसतं. तशाच प्रकारचं कुत्रं आज घ्यायला काय लागेल, लसी, औषधं आणि खाण्यावर काय गेलं, त्याचा खरा हिशेब बिलांसह आधीच लिहून ठेवा, गावठी कुत्रीचासुद्धा. किंमत फुगवू नका, पण कमीही सांगू नका.

कुत्रं गेलंच तर ११२ ला फोन करा आणि त्याच दिवशी लेखी फिर्याद द्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवता येत नाही, फिर्याद कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. सोलापूर, लातूर, कोल्हापूरकडे कुत्रं राज्याच्या सीमेपलीकडे गेल्याचा संशय असतो तेव्हा हे फार कामाला येतं. नोंदवून घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा. फोटो गावोगावच्या गटांवर फिरवा, पण एक खूण मुद्दाम लपवून ठेवा. "कुत्रं सापडलंय, आधी पैसे पाठवा" असे फोन हमखास येतात, तेव्हा ती खूण विचारा. सांगता आली नाही तर एक रुपयाही पाठवू नका. सांगता आली तर नंबर पोलिसांना द्या आणि कुत्रं आणायला एकटे जाऊ नका.

परत मिळालं तर पंचनामा आणि सुपूर्तनामा, म्हणजे कुत्रं तुमच्या ताब्यात दिल्याचा कागद, करूनच घरी आणा. पशुवैद्याला दाखवा, काही दिवस बाकीच्या कुत्र्यांपासून वेगळं ठेवा, आणि ते येईल त्या आठवड्यातच जाळीच्या खोलीचं कुलूप बदला. ज्यानं एकदा नेलं त्याला वाट माहीत झालेली असते.