ते कव्हर आधी काढ

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी तलावपाळीची फेरी संपवून तू आमच्या टेबलापाशी आलीस तेव्हा तुझा प्रश्न अगदी साधा होता. ‘काका, बाबा गेले, आता त्यांच्या मारुती एट हंड्रेडचं काय करू?’ आम्ही तुला तासभर बसवून घेतलं, वर दोनदा कॉफी पाजली आणि तो एक प्रश्न सोडून बाकी सगळ्याची उत्तरं दिली.

बँकवाल्याने आपली फियाट काढली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढच्या सलग सीटवर तिघं आणि मांडीवर एक, खंडाळ्याच्या घाटात रेडिएटर उकळला की चाकामागे दगड लावायला धावणारा धाकटा भाऊ. मग वागळे इस्टेटवाले सुरू झाले. 1983च्या डिसेंबरात इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली दिली तो फोटो पेपरात बघून हे गृहस्थ म्हणाले होते की हे डबडं कसारा चढायचं नाही. पुढे त्यांनीच तीन मारुत्या वापरल्या, पण तो भाग ते सांगत नाहीत. तिची किंमत तेव्हा 47,500 होती की जास्त, यावर दहा मिनिटं गेली. शेवटी गाडी आली काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीवर. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर तीही उरली नाही, म्हणून सगळे हळहळले. हळहळणारे सगळे जन्मभर ऑफिसला लोकलने गेलेले. टॅक्सीला हात करायची वेळ आली की यांना बेस्टचे बसनंबर आठवायचे.

उठताना तू म्हणालीस, ‘बघते काका.’ तुझे बाबाही असंच म्हणायचे आणि त्यांचं ते बघणं कधी पुरं व्हायचं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

गाडी चालली पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे. एवढ्यावर तुला ते पटायचं नाही, म्हणून पुढचं वाच.

तुझी अडचण मला कळली आहे. आई म्हणते विकायची नाही. पुण्याचा भाऊ म्हणतो स्क्रॅपला दे, मोठी एसयूव्ही घेऊ, हप्ते अर्धे अर्धे भरू. सोसायटीच्या सेक्रेटरीला इमारतीखालच्या स्टिल्टमधली जागा रिकामी हवी आहे, कारण त्याच्या जावयाची गाडी बाहेर उन्हात उभी राहते. या तिघांच्या मध्ये उभं राहून तू काय केलंस, तर बाजारातून चंदेरी रंगाचं नवं कव्हर आणलंस आणि चारही कोपऱ्यांना नाडीने घट्ट बांधून टाकलंस. मी येता-जाता ते बघतो आणि खरं सांगायचं तर माझं डोकं फिरतं.

बाबांची गाडी जपते आहेस असं तुला वाटतं ना? कव्हराखाली काय चाललंय ते ऐक. बॅटरी उतरली आहे, तिच्यात आता जीव नसणार. टायर महिनोन् महिने एकाच जागी टेकून बसलेत, त्या जागी ते चपटे होतात. मुळात ते किती जुने आहेत हे तुला ठाऊकच नसेल. टायरच्या कडेला ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2318 दिसलं तर 2018चा तेविसावा आठवडा. पावसाळाभर हॅन्डब्रेक ओढलेला राहिला असेल, तर मागचे ब्रेकशू ड्रमला धरलेले असतील. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर चिकटतात. एसीची सिलं सुकतात. शिवाय उंदीर. ठाण्यातले उंदीर आणि वायरिंग यावर मी वेगळं पत्र लिहू शकेन.

‘आठवड्यातून एकदा चालू करून ठेवते,’ असं सांगू नकोस. जागेवर पाच मिनिटं घरघरवलेल्या गाडीचं इंजिन धड तापतसुद्धा नाही, सायलेन्सरमध्ये पाणी तेवढं जमतं. रस्त्यावर काढून दहा-पंधरा किलोमीटर फिरवली तर उपयोग. चालली पाहिजे म्हणजे चाकं फिरली पाहिजेत.

आता तू मनात म्हणशील, काकांना काय जातंय सांगायला. म्हणून माझ्या घरातलं सांगतो. तुझ्या बाबांना हे माहीत होतं.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, फियाट बुक केली तेव्हा मी शाळेत होतो आणि ती आली तेव्हा कॉलेजात. तेव्हा असंच होतं, नंबर लागेपर्यंत वर्षं जायची. आल्यावर नौपाड्यातल्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड बांधली गेली. गाडीचे नियम ठरले. पावसात काढायची नाही. रात्री काढायची नाही. शेंगदाणे खाऊन आत बसायचं नाही. रविवारी बादलीभर पाणी, पिवळं फडकं आणि अण्णा, असा दोन तासांचा कार्यक्रम. दसऱ्याला झेंडूचा हार. माझ्या आईचं माहेर वाईजवळ. गाडीने एकदा माहेरच्या दारात उतरावं एवढीच तिची हौस होती आणि अण्णा दरवर्षी म्हणायचे, पाऊस ओसरू दे, मग जाऊ. ती खोपटच्या स्टँडवरून एसटीनेच जात राहिली, कडेवर बहीण, हातात पिशवी, आणि शेडमध्ये गाडी चकचकीत. ती हौस राहिलीच. अण्णांचा राग मला आजही येतो, आणि ते वाईट नव्हते म्हणून जास्तच येतो.

अण्णा गेल्यावर थोरला भाऊ म्हणाला, गाडी ठेवायची, त्यांची आठवण आहे. मी म्हणालो, विकायची, आत्ता, चालू आहे तोवर. शेवटी माझंच चाललं, कारण कागद माझ्याकडे होते. डोंबिवलीचा एक केटरिंगवाला आला, त्याने रोख पैसे मोजले आणि आठवड्याभरात टपावर कॅरिअर बसवला. पुढे एकदा शिळफाट्याला ती मला दिसली. टपावर पातेली दोरखंडाने आवळलेली, मागच्या सीटवर आचारी आणि भाजीची पोती, डिकी अर्धवट उघडी, आणि स्वारी धूर सोडत मजेत चाललेली. भावाला सांगितलं तर त्याने कित्येक महिने माझ्याशी बोलणं टाकलं. अण्णांच्या गाडीची विटंबना केलीस, म्हणाला. अजून लग्नाकार्यात हा विषय निघतो आणि अजून मी तेच सांगतो, की त्या गाडीचं आयुष्य डोंबिवलीला गेल्यावर सुरू झालं. त्याला पटत नाही. न पटो. मी चूक केली असं मला एकदाही वाटलेलं नाही. हे मी जरा फार ठासून सांगतो, असं आमची सौ. म्हणते.

असो. तुझ्या गाडीकडे येऊ.

तुझी मारुती 2006ची, तीन सिलिंडरची, 796 सीसी. कारखान्यात ही गाडी 2014 सालीच बंद झाली हे खरं, पण त्याच घराण्यातलं इंजिन ओम्नीत आणि आल्टोत त्यानंतरही कित्येक वर्षं बसत होतं, त्यामुळे पार्ट मिळतात आणि हात घालणारे मेकॅनिकही मिळतात. भाऊ तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो तो दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोलचा नियम दिल्लीकडचा आहे. आपल्याकडे खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर तपासणीत पास झाली की आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, पाच वर्षांनी वाढते. बाबांनी 2021 साली वाढवून घेतली होती, म्हणजे आता पुन्हा वेळ आली. वीस वर्षांवरच्या चारचाकीला त्याचे 10,000 रुपये लागतात, पर्यावरण कर वेगळा. टोचणारी रक्कम आहे. मुद्दाम आधी सांगतो, नंतर म्हणू नकोस.

त्याच्याही आधी नाव बदल. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. तुमच्याकडे ते राहिलंय. उशिराचा जो काही भुर्दंड पडेल तो भर आणि आईच्या नावावर कर, भावाची सही घे. विमाही त्याबरोबर बदल. बाबांच्या नावावरच्या पॉलिसीवर तू गाडी काढलीस आणि कुणाला ठोकलंस, तर पुढची दहा वर्षं कोर्टात जातील. नंबरप्लेट अजून जुनीच आहे, 2019च्या एप्रिलआधीच्या सगळ्या गाड्यांना ती हाय सिक्युरिटीवाली लावावी लागते. पीयूसी, म्हणजे धुराचं प्रमाणपत्र, तेही संपलेलं असणार. हे सगळं कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे. पण गाडीवर प्रेम आहे म्हणून डोळे पुसायचे आणि फॉर्म भरायचा कंटाळा करायचा, हे मला समजत नाही.

मेकॅनिकला सांग, पेट्रोलच्या रबरी नळ्या बदल. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 2006 सालच्या रबराला त्याची सवय नाही. टाकी रिकामी करून घे, ब्रेक उघडून घे, टायर चारही बदल. त्याने इंजिन खोलायची गोष्ट काढली तर मला फोन कर, मग मी बोलतो त्याच्याशी.

आणि मग चालव. तू. ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसाने पायाखाली स्वतःचे ब्रेक ठेवून तुला लायसन्स मिळवून दिलं, त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस, हे मला तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं. ‘शिकवतो एकदा नीट,’ म्हणायचे. शिकवायचं राहिलं. रविवारी सकाळी सहाला पोखरण रोड दोनवरून उपवनपर्यंत जा आणि परत ये. क्लच वेळेवर सुटत नाही, गाडी बंद पडते, मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. घोडबंदरला इतक्यात जायचं नाही. तिथे गुजरातकडे जाणारे ट्रेलर असतात, त्यांना आरशात तुझी एट हंड्रेड दिसतसुद्धा नाही. हात बसला की आईला घेऊन जा. गुडघ्यांच्या व्यायामाला तिला रिक्षाने न्यावं लागतं आणि रिक्षावाला जवळचं भाडं म्हणून नाक मुरडतो. हे काम त्या गाडीला दे. सोसायटीचा सेक्रेटरी चालत्या गाडीला काही बोलू शकत नाही, त्याची सगळी नोटीस त्या कव्हरावर आहे.

आता उलट बाजू. दिवाळीपर्यंत बघ. तोवर गाडी दर आठवड्याला बाहेर पडली नाही, मग कारण काहीही असो, ऑफिस, पाऊस, भीती, तर विक. पटकन विक. तुला वाईट वाटेल, आईला त्याहून वाटेल, मला फोन करून रडलीस तरी मी हेच सांगेन. चालू गाडीला गिऱ्हाईक मिळतं. भिवंडी, बदलापूरकडे पहिली गाडी म्हणून घेणारी माणसं अजून आहेत, त्यांची पोरं तिच्यात बसून टिटवाळ्याला जातील. बंद गाडीला फक्त भंगारवाला मिळतो. त्यातही स्क्रॅपलाच द्यायची झाली तर सरकारमान्य केंद्रात दे आणि प्रमाणपत्र घे, ते दाखवलं की नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. नाक्यावरच्या माणसाला देऊन टाकलीस आणि उद्या ती कुठे भलतीकडे सापडली, तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

भावाच्या एसयूव्हीबद्दल मला काही बोलायचं नव्हतं, पण बोलतो. घ्या की. मात्र तो पुण्यात, तू रोज स्टेशनला चालत जाणारी, मग ही सात माणसांची गाडी चालवणार कोण? सात वर्षं हप्ते भरून स्टिल्टमध्ये आणखी एक कव्हर घालायचं का? आमच्या कॉफीच्या टेबलावरच्या दोघांकडे अशा गाड्या आहेत. एकाची तीन वर्षांत मुंबई-नाशिक सोडून कुठे गेलेली नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, पार्किंग जातं रे, म्हणून काढत नाही! गाडी जागा राखायला घेतली आहे शहाण्याने. नवी असो, जुनी असो, बाबांची असो, बँकेची असो, चालली पाहिजे.

तुझ्या बाबांनी ती गाडी चालवली, हे तू विसरतेस म्हणून मी इतकं चिडतो. जपून ठेवायचा त्यांचा स्वभावच नव्हता. ती गाडी गणपतीत कोकणात जायची, कुणाच्याही बाळंतपणाला मध्यरात्री सिव्हिलला जायची, आमच्या बँकवाल्याचा फ्रीजचा खोका एकदा मागची सीट पाडून तिच्यातूनच आला. डाव्या दारावरचा लांब ओरखडा त्या खोक्याचा आहे, तो बुजवू नकोस म्हणणार होतो, पण बुजवायचा असेल तर बुजव, पत्र्याला गंज लागण्यापेक्षा बरं.

ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला दहाचा पाना असेल. गावाला जाताना बाबा त्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवायचे. नवी बॅटरी बसवायला तोच पाना लागेल, दुसरा आणायला धावू नकोस. आणि बॅटरीवाल्याला जुनी बॅटरी फुकट देऊ नकोस, मेलेल्या बॅटरीचेही पैसे येतात, ते बिलातून वजा करून घे.

तुझा,
काका