सही मागण्याआधी

पत्र, थोडक्यात:

माई, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय ३६. एका खासगी इस्पितळात अकरा वर्षं नर्स आहे. सरकारी भरतीची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा यादीत नाव आलं नाही. मग २०२४ च्या शेवटी सरकारी नोकऱ्यांसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं बाहेर आली आणि माझं मनच उडालं. खाणी बंद झाल्यावर नवऱ्याचा खनिज वाहायचा टिपर गेला, कर्ज राहिलं. आता तो दुसऱ्याची गाडी चालवतो. आमच्या वाड्यावर नळाला दिवसाआड पाणी, आणि समोरचं भाताचं शेत भरून तिथं पोहण्याच्या तलावांचे बंगले उभे राहताहेत. या देशाने मला काय दिलं? नवऱ्याचा मामेभाऊ २०१५ मध्ये पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला, स्विंडनला गेला, आता सुखात आहे. तिथं नर्सला नर्स म्हणून वागवतात म्हणे. एजंट म्हणतो, आधी सासऱ्यांची जन्मनोंद लिस्बनला करायची, मग नवऱ्याची, मग आमच्या नऊ वर्षांच्या मुलीची. नवरा म्हणतो, तुला वाटतं तर करूया. पण सासरे ७७ वर्षांचे, ते सही करत नाहीत. कागद अडवून बसलेत. त्यांचा थोरला भाऊ पोर्तुगीजांविरुद्धच्या १९५५ च्या सत्याग्रहात पकडला गेला होता, लहानपणी ते आईबरोबर त्याला आग्वादच्या तुरुंगात भेटायला जायचे. मला त्यांचा राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते. त्यांना कसं समजावू? आणि देश सोडावासा वाटणं म्हणजे देशद्रोह का?

– एक सून, डिचोली

बाय,

देश सोडावासा वाटणं हा देशद्रोह नाही. हे आधी लिहिते, कारण तू ते अगदी शेवटी, कागद संपता संपता विचारलं आहेस, आणि मला वाटतं सगळं पत्र त्या एका प्रश्नासाठीच लिहिलंस. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ या एका वर्षात २,०६,३७८ भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. आपल्या गोव्यातून तर माणसं कित्येक पिढ्या बाहेर जात आली आहेत. मुंबईला गेली, पूर्व आफ्रिकेला गेली, बोटीवर गेली, आखातात गेली. त्यांच्या पैशांवर इथं घरं उभी राहिली, भावंडं शिकली. त्यांना कोणी द्रोही म्हटलं नाही.

तुझा राग खरा आहे. तो गिळून टाक असं मी सांगणार नाही. परीक्षेत कमी पडल्याचं दुःख माणूस पचवतो, पण परीक्षाच खरी होती का हा संशय पचत नाही. तो आत कुजत राहतो. नवऱ्याने कर्जावर टिपर घेतला तेव्हा खाणीचे कागद कायद्यात बसतात की नाही हे बघणं त्याचं काम नव्हतं. ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्या लाल मातीने किती शेतं आणि किती झरी गेल्या हे तू माझ्याहून जास्त पाहिलं असशील. पण हप्ते फेडत बसला तो तुझा नवरा. समोरच्या शेताचंही तसंच. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली जमिनींचे विभाग बदलण्याचे जे नियम होते ते मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. काही माणसं याचिका घेऊन उभी राहिली म्हणून ते झालं, आणि मला त्यांचा फार आधार वाटतो. तरी तुझ्या दारासमोर जे भरलं गेलं ते त्याने उपसलं जाणार नाही, हे मला कळतं.

आता तुला आवडणार नाही असं लिहिते.

पत्र मी तीनदा वाचलं. देशावर रागावली आहेस तू, आणि नागरिकत्व जाणार आहे तुझ्या नवऱ्याचं आणि मुलीचं. तुझं नाही. या वाटेने तू पोर्तुगीज माणसाची बायको म्हणून जाशील, तुझ्या हातात पासपोर्ट भारताचाच राहील. हे तुझ्या लक्षात आलं होतं का? आपल्या घटनेच्या ९ व्या कलमात आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. नुसती लिस्बनला जन्मनोंद झाली तर ते संपतं का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. पोर्तुगीज पासपोर्ट हातात घेतल्यावर मात्र वादाला जागा उरत नाही. पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड, मिळू शकतं, घरी येऊन हवं तितकं राहता येतं. पण मत देता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. सासऱ्यांचं घर-कुळागर वारशाने येईल, पण लागूनचा एखादा कुणगा, शेताचा तुकडा, विकत घ्यायचा म्हटला तर नाही.

कदाचित तुझ्या नवऱ्याला हे सगळं चालेलही. पण त्याला विचारलंय कोणी? "तुला वाटतं तर करूया" हे उत्तर मला होकारासारखं ऐकू येत नाही. ज्याचा टिपर गेला, ज्याला बायकोच्या पगारावर घर चालताना बघावं लागतं, तो माणूस कशालाही असंच म्हणतो. त्याच्याशी बस. मुलगी झोपल्यावर, आणि तुझी रात्रपाळी नसलेल्या दिवशी. एजंटाचं नाव न काढता विचार, तुला काय हवंय.

आता सासरे. ते कागद अडवून बसलेत असं तू लिहितेस. एकदा ती सही कशावरची आहे ते बघ. गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले मानतो, म्हणून तर ही वाट आहे. मुलाला हा हक्क बापाच्या नोंदीतून मिळतो. म्हणजे त्यांनी नुसता मुलाचा मार्ग मोकळा करायचा नाही, तर स्वतःचं नाव लिस्बनच्या दप्तरात घालून घ्यायचं आहे. ज्या राज्याने भावाला कोंडलं, आणि ज्याच्या तुरुंगाबाहेर सातव्या वर्षी ते आईचं बोट धरून उभे राहिले, त्या राज्याच्या दप्तरात. ते नाही म्हणतात तेव्हा ते तुझ्याबद्दल काही बोलतच नाहीत. तुझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची ती गोष्ट आहे.

ज्यांनी हा पासपोर्ट घेतला त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांतली कितीतरी माझी माणसं आहेत. पोर्तुगालमधली हुकूमशाही १९७४ मध्ये उलथली, त्याच वर्षाच्या अखेरीस त्या देशाने करार करून गोव्याचं भारतातलं विलीनीकरण मान्य केलं. आजचा पोर्तुगाल तो नव्हे, हे तू सासऱ्यांना सांगू शकतेस. पण सांगू नकोस. त्यांना ते ठाऊक आहे. ७७ वर्षांच्या माणसाला युक्तिवादात हरवून सही घेतलीस तर ती सही घेऊन तू कुठंही गेलीस तरी तुला झोप लागणार नाही. तुझ्या पत्रावरून मी तुला तेवढी ओळखते.

त्यात ही सही घेऊनही तू मामेभावाच्या स्विंडनला पोचत नाहीस. तो गेला तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होता. मग ब्रिटन संघातून बाहेर पडलं, ३१ डिसेंबर २०२० ला त्या ब्रेक्झिटची संक्रमणाची मुदत संपली आणि नव्याने जाणाऱ्याला नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर तिथं काम करता येत नाही. त्याला इतरांसारखाच व्हिसा लागतो. एजंटाने हे तुला सांगितलं नसेल, तर त्याला आणखी एक पैसा देऊ नकोस. पोर्तुगाल, आयर्लंड, जर्मनी हे देश त्या पासपोर्टवर आजही उघडे आहेत, हेही खरं.

पण आयर्लंडला जायला तुला सासऱ्यांची सही लागतच नाही. अकरा वर्षं वॉर्डात काम केलेली नर्स आहेस तू! पत्रात सगळ्यांचे कागद मोजलेस, सासऱ्यांचा जन्मदाखला, नवऱ्याचा, मुलीचा. स्वतःच्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा उल्लेखही केला नाहीस. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी बोर्डाकडे नोंदणी करावी लागते. इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी द्यावी लागते. आरोग्यसेवेतल्या माणसांसाठी ओईटीच नेमकी आहे. बोर्ड तुझं शिक्षण आणि अनुभव तपासतं, आणि गरज वाटली तर तिथं जाऊन एक परीक्षा द्यावी लागते किंवा इस्पितळात देखरेखीखाली काही आठवडे काम करावं लागतं. नोंदणी झालेल्या नर्सेस तिथल्या टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत आहेत. त्यांना जो परवाना मिळतो त्यावर नवऱ्याला आणि मुलीला बरोबर नेता येतं, आणि नवऱ्याला कामही करता येतं. सगळे भारतीय पासपोर्टवर. पुढे तिथलं नागरिकत्व घ्यायचं की नाही हे काही वर्षांनी, तिथं राहून, तिथला पाऊस आणि तिथली माणसं बघून ठरवता येईल. नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी तिथल्या सरकारच्या आणि बोर्डाच्या संकेतस्थळावर स्वतः वाच. भरती एजंट गाठायचा असेल तर तो आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का ते बघ. अशा एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

तिथं सुख वाढून ठेवलंय असं मी म्हणत नाही. डब्लिनला घरभाडं ऐकून तुझ्या पोटात गोळा येईल, आणि घर मिळणंच कठीण. पहिला हिवाळा दुपारी चार वाजता अंधार करतो. मुलीला शेजारी कोणी 'गो बाय' म्हणून हाक मारणार नाही.

तरी तुझं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही: "तिथं नर्सला नर्स म्हणून वागवतात म्हणे." पाणी, बंगले, भरती हे सगळं लिहून झाल्यावर तू हे एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मला वाटतं तुझं दुखणं तिथं आहे. अकरा वर्षं तू माणसं उचललीस, सलाईनं लावलीस, पहाटे तीनला गेलेल्यांचे डोळे मिटलेस, आणि एकदाही कोणी तुला तुझ्या कामाच्या नावाने मान दिला नाही. हे हवं असणं म्हणजे हाव नव्हे. पण हे तू मला लिहिलंस, घरात कोणाला सांगितलं नाहीस. सासऱ्यांना तर नाहीच. त्यांना वाटतंय सुनेला पोर्तुगीजांचा पासपोर्ट हवाय.

माझी मुलगी परदेशी जायला निघाली तेव्हा मी तिला सोलं किती बांधू, एवढंच विचारत राहिले. काय खुपतंय म्हणून जातेस, हे विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. ते आम्ही फोनवर बोललो, सहा वर्षांनी, तेही अर्धवट. म्हणून तुला घाई करते.

नवऱ्याशी बोलणं झालं की एका रविवारी सासऱ्यांना आणि मुलीला घेऊन आग्वादला जा. किल्ल्याच्या पायथ्याचा तो तुरुंग आता स्मारक म्हणून खुला केला आहे. एजंटाची फाईल घरी ठेव, तिचा विषयही काढू नकोस. आजोबांना नातीला दाखवू दे, आई कुठं उभी राहायची, काय बांधून न्यायची, भाऊ बाहेर आला तेव्हा कसा दिसत होता. तू मागून ऐकत चाल. परतीच्या वाटेवर कुठंतरी चहाला थांबाल, तिथं तुझं सांग. नर्स म्हणून काय सोसतेस ते, यादीत दोनदा नाव शोधलंस ते. मग म्हण, मला बाहेर जावंसं वाटतं, माझ्या शिक्षणावर, आणि तुमची सही नको.

ते काय म्हणाले ते मला लिही.

– माई