पासपोर्टवरचा शिक्का आणि सोमवारचा पहिला तास

परदेशात इंग्रजी शिकवायला निघालेल्या किंवा नुकत्याच पोहोचलेल्या नाशिककरांची, आणि त्यांच्या घरच्यांचीही, पत्रे आली आहेत. त्यांतली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : इंग्रजी घेऊन एम.ए. केले आहे, वय २५. बँकॉकजवळची एक खासगी शाळा मला घ्यायला तयार आहे. शाळा म्हणते, ‘पर्यटक म्हणून या, कागद इथे आल्यावर करू.’ जावे का?
— गंगापूर रोड

उत्तर : असे जाऊ नका. पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन शिकवणे थायलंडमध्ये बेकायदा आहे. व्हिसाचा प्रकार तिथे गेल्यावर बदलून घेणाऱ्या शाळा आहेत, पण तो बदलून वर्क परमिट हातात येईपर्यंत वर्गावर उभे राहता येत नाही. पगाराशिवाय महिनाभर बसणे कुणाला परवडत नाही आणि शाळेलाही शिक्षक आजच हवा असतो. तिथेच घोळ होतो.

शाळेकडून नियुक्तीपत्र आणि तिच्या नोंदणीचे कागद मागवा आणि नॉन-इमिग्रंट ‘बी’, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा इथूनच काढा. तो ९० दिवसांचा मिळतो. तिथे पोहोचल्यावर शाळा वर्क परमिट काढते, त्यासाठी तिथल्याच दवाखान्याचा दाखला लागतो. मग इमिग्रेशन कार्यालयात १९०० बाथ भरून मुक्काम वर्षापर्यंत वाढवून मिळतो. हा क्रम शाळेने ईमेलवर लिहून द्यायला हवा. टाळाटाळ करत असेल तर दुसरी शाळा बघा.

भारतीय पासपोर्ट असला की इंग्रजी तुमची मातृभाषा नाही असे तिकडे धरतात. त्यामुळे एम.ए. असूनही टोईक (TOEIC) या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० गुण मागतात. निकाल दोन वर्षेच चालतो, म्हणून फार आधी देऊन ठेवू नका.

सर्वांत जास्त वेळ पदवीच्या कागदांत जातो. प्रोव्हिजनल प्रमाणपत्रावर भागत नाही, दीक्षान्त समारंभानंतरचे मूळ पदवी प्रमाणपत्र लागते. आधी राज्य सरकारचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत द्यावे लागतात. अपोस्टील म्हणजे करारातल्या देशांनी एकमेकांचे कागद मान्य करण्यासाठीचा एकच शिक्का. भारत २००५ पासून त्या करारात आहे, पण समोरच्या देशात अपोस्टील चालते की दूतावासाचा वेगळा शिक्का लागतो, हे शाळेकडून आधी विचारून घ्या, नाहीतर दोनदा फेरा पडतो. हातात किमान सहा आठवडे ठेवा.

दोन चुका आपल्याकडे हटकून होतात. एक, प्रमाणपत्र जपायचे म्हणून आईवडिलांनी त्याला लॅमिनेशन केलेले असते. त्यावर शिक्का बसत नाही, आणि प्लास्टिक सोलायला गेलात तर कागद फाटतो. विद्यापीठातून दुसरी प्रत काढणेच बरे. दुसरी, नावाचा क्रम. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचे नाव असते, पासपोर्टवर क्रम वेगळा. परदेशातल्या अधिकाऱ्याला ही दोन माणसे वाटू शकतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरी करून सोबत ठेवा.

पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून ५०० रुपये भरून मागता येते. पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शेरा नाही ना, हेही बघा. असा शेरा असलेल्यांना काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, आणि थायलंड त्या देशांच्या यादीत आहे. दहावी उत्तीर्ण असाल तर तो शेरा नसायला हवा. जुन्या पासपोर्टवर राहिला असेल तर निघण्यापूर्वी काढून घ्या.

आणखी एक, आणि हे मनापासून सांगतो. एजंट शाळेचे नाव सांगायला टाळत असेल, किंवा बँकॉकला उतरल्यावर गाडीने म्यानमारच्या सरहद्दीवरच्या मे सोत गावाकडे जायचे आहे म्हणाला, तर तिकीट फाडून टाका. थायलंडमधल्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमधल्या म्यावाडीच्या ऑनलाइन फसवणूक केंद्रांत डांबल्याचे प्रकार घडले आहेत. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल जाहीर इशाराही दिला होता.

प्रश्न : मी मे महिन्यापासून बँकॉकमध्ये शिकवतो. घरी असताना रविवारी हरिहर नाहीतर त्र्यंबक ठरलेले असायचे. इथेही शनिवार-रविवार फिरायचे आहे, लाओसही बघायचे आहे. काय सांभाळावे?
— मूळचा नाशिक रोड

उत्तर : लाओसच्या तिकिटाआधी रि-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, बघा. वर्षभराचा वाढीव मुक्काम मिळालेला असताना हे परमिट न घेता देशाबाहेर पाऊल टाकले की तो मुक्काम तिथेच रद्द होतो. परत येताना तुम्ही पर्यटक ठरता आणि व्हिसापासून सगळे पुन्हा. एका रविवारपायी नोकरीचे कागद घालवलेले शिक्षक दरवर्षी असतात. टीएम ८ हा अर्ज, एक फोटो, पासपोर्ट. एका खेपेला १००० बाथ, कितीही खेपांना ३८०० बाथ. वर्षात चारदा बाहेर जाणार असाल तर दुसरेच घ्या. सुवर्णभूमी विमानतळावर ते आयत्या वेळीही मिळते, पण रेल्वेने किंवा बसने सरहद्दीवर जाणार असाल तर आधीच्या आठवड्यात इमिग्रेशन कार्यालयातून काढून ठेवा. मुक्कामाची मुदत संपली की परमिटही संपते.

परत येताना प्रत्येक वेळी डिजिटल आगमन कार्ड भरावे लागते. १ मे २०२५ पासून ते सक्तीचे आहे, फुकट आहे, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे. पैसे मागणारी संकेतस्थळे खोटी. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, त्याची मोजणीही देशात परतल्या दिवसापासून नव्याने सुरू होते, कॅलेंडरवर जुनी तारीख खोडा. ती तारीख येण्याच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत कळवता येते. चुकलात तर २००० बाथ दंड.

आता लाओस. शुक्रवारी रात्री बँकॉकहून सरहद्दीवरच्या नोंग खाईची गाडी पकडली की शनिवारी सकाळी उतरता. सरहद्दीवरचा मैत्री पूल ओलांडला की लाओसची राजधानी व्हिएन्टियान जवळच. ई-व्हिसा घरूनच काढून ठेवा, पुलावरची रांग वाचते. अडचण परतीची. रविवारी रात्रीची गाडी सोमवारी पहाटे-सकाळी बँकॉकला येते आणि शाळेत आठला राष्ट्रगीत असते, त्याआधी फाटकावर उभे राहायची पाळी तुमचीही येते. गाडीला तासभर उशीर झाला की गेला पहिला तास. म्हणून लाओस सोमवारची सुट्टी जोडून असेल तेव्हाच करा. ऑक्टोबरमध्ये सत्रसुट्टी असते, लांबचे बेत तिच्यासाठी राखून ठेवा.

साध्या शनिवार-रविवारी जवळचे करा. अयुत्थया बँकॉकच्या उत्तरेला ८० किलोमीटरच्या आसपास आहे, रेल्वेने दीड-दोन तास. तिसऱ्या वर्गाचे तिकीट वीसेक बाथ, जागेचा नंबर नसतो, आपल्या पॅसेंजरसारखे जिथे मिळेल तिथे बसायचे. स्टेशनासमोर सायकल भाड्याने घ्या आणि अकराच्या आत अवशेष पाहून घ्या, नंतर ऊन सोसत नाही. कांचनाबुरीची गाडी थोनबुरी स्थानकातून सुटते, बँकॉकच्या मोठ्या स्थानकातून नाही, आणि इथेच नवखा चुकतो. सकाळची गाडी पकडा, परदेशी प्रवाशाला १०० बाथ. हाच तो १९४२-४३ मध्ये युद्धकैद्यांकडून आणि मजुरांकडून बांधून घेतलेला मृत्यूचा रेल्वेमार्ग. नाम तोकपर्यंत बसून राहा आणि जाताना डावीकडची खिडकी धरा. नदीवर झुकलेला लाकडी पूल त्या बाजूने दिसतो. आपल्या कसारा घाटात वाढलेल्या माणसालाही तिथे खिडकी सोडवत नाही.

प्रश्न : फ्रेंच बी १ पर्यंत झाले आहे. फ्रान्समध्ये इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका म्हणून जायचे आहे. कमाईत फिरणे जमेल?
— कॉलेज रोड

उत्तर : जमेल, कारण तिथे वेळच वेळ असतो. काम आठवड्याला १२ तास, १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. हातात महिन्याला साधारण ८०० युरो येतात, त्यांत भाडे गेले की उरते थोडे. शिवाय पहिला पगार ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात होतो, म्हणून दोन महिन्यांचा खर्च इथूनच न्या. पोहोचल्यापासून तीन महिन्यांत व्हिसाची ऑनलाइन नोंद करावी लागते. ती राहिली तर मुक्काम अवैध ठरतो आणि फिरणे तर दूरच.

वय २७ पर्यंत असेल तर रेल्वेचे ‘अवांताज जन’ कार्ड घ्या. वर्षाचे ४९ युरो, वेगवान गाड्यांवर ३० टक्के सूट. तीनचार फेऱ्यांत वसूल होते. शाळेला सुरुवातीलाच विनंती करा की तास मंगळवार ते गुरुवार ठेवा. ऑक्टोबरात मागितले तर मिळते, डिसेंबरात नाही. लहान गावात नेमणूक झाली तर रविवारी बस जवळजवळ नसते, त्यामुळे परतीची गाडी स्टेशनापासून घर चालत गाठता येईल अशा वेळेची निवडा. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, जाताना मूळ पासपोर्ट जवळ हवा, सरहद्दीवर तपासणी होते. लंडनला हा व्हिसा चालत नाही.

प्रश्न : मुलगी थायलंडला शिकवते, पूर्ण शाकाहारी आहे. प्रवासात काय खाईल? आणि तिचे इथले बँक खाते तसेच ठेवले तर चालते का?
— एक वडील, सिन्नर

उत्तर : नुसते ‘भाजी’ म्हणून मागितले तर माशाचा रस, म्हणजे नाम प्ला, पडतोच. ‘किन जे’ म्हणायला शिकवा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकाने असतात, तिथे मांस-मासे-अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो, चातुर्मास पाळणाऱ्यालाही चालावे असे. दुकान सापडणार नाही अशा गावी जाताना भडंग आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत असू द्या.

खात्याचे म्हणाल तर तसेच ठेवू नका. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर निवासी बचत खाते ‘एनआरओ’, म्हणजे अनिवासी भारतीयाचे इथल्या व्यवहारांसाठीचे खाते, करून घ्यावे लागते. तिकडून पाठवलेल्या पगारासाठी वेगळे ‘एनआरई’ खाते उघडा, त्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही. बँक पासपोर्ट, व्हिसा आणि वर्क परमिटच्या प्रती मागते. त्यांवर मुलीची सही हवी, तुमची चालणार नाही.