लम्पीतून (जनावरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या आजारातून) उठलेल्या गाईच्या जखमा भरत नाहीत, एकीत अळ्या पडल्यात. काय करावं? आणि लस दिली होती तरी लम्पी झालाच कसा? वासराला लस कधी द्यायची?

सगळ्यात आधी, शेजारी म्हणतात ते फिनाईल जखमेत ओतू नका. रॉकेल नको, जळकं ऑइल नको, बॅटरीचं पाणी तर अजिबातच नको. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो, 2022 च्या साथीनंतर असल्या जखमा घेऊन येणारी माणसं रोज यायची आणि त्यातल्या बऱ्याच जखमा लम्पीनं कमी आणि वरून ओतलेल्या गोष्टींनी जास्त बिघडलेल्या असायच्या. फिनाईल गोठ्याच्या फरशीसाठी आहे. अळी मरते त्यानं, पण खाली जे नवीन मांस येत असतं तेही जळतं, मग जखम परत पहिल्यापासून सुरू.

तुम्ही लिहिलंय की ताप गेला, गाय खाते, पण गळ्याखालच्या पोळीवर आणि मागच्या पायावर गाठी फुटून खोल खड्डे पडलेत. लम्पीची गाठ नुसती वरवरची नसते, कातडीची पूर्ण जाडी आणि कधीकधी खालचं मांससुद्धा मरतं, मग तो मेलेला गोळा बुचासारखा सुटून पडतो आणि खड्डा उरतो. असा खड्डा आठवड्यात भरत नाही, त्यामुळे महिना झाला म्हणून घाबरून जाऊ नका. तो भरतोय की सडतोय एवढं बघायचं. तळाला लालसर गुलाबी, दाणेदार, थोडं घासलं तरी पटकन रक्त येणारं मांस दिसत असेल तर उत्तम, ते नवीन मांस आहे, त्याला खरवडू नका. कडेनं पातळ फिकट कातडी आत सरकताना दिसते, तीच जखम झाकणार असते. तळ करडा, पांढरट, वास मारणारा असेल तर तिथं मेलेलं मांस अडकलंय आणि ते निघाल्याशिवाय कुठलंही मलम कामाचं नाही. हे मांस डॉक्टरकडूनच कापून घ्या, घरी ब्लेड लावू नका.

आता अळ्या. आपल्याकडे जी माशी हे करते ती जिवंत मांस खाणाऱ्या अळीची असते, जखमेच्या काठावर एका वेळी शे-दीडशे अंडी घालते आणि दिवसभरात त्यातून अळ्या निघतात. म्हणूनच सकाळी स्वच्छ दिसलेली जखम दुसऱ्या दिवशी वळवळताना दिसते आणि लोक म्हणतात औषध लागू पडलं नाही. अळी डोकं खाली खुपसून खाते आणि श्वास शेपटीकडून घेते. तिला बाहेर काढायचं सगळं तंत्र यावरच आहे, वरून हवा बंद केली की ती स्वतःच वर येते. आम्ही टर्पेंटाईन तेलात भिजवलेला गॉज खड्ड्यात पाच-दहा मिनिटं दाबून ठेवतो आणि वर आलेल्या अळ्या चिमट्यानं काढतो. टर्पेंटाईन चरचरतं, त्यामुळे ते फक्त अळ्या असेपर्यंत वापरायचं आणि नंतर जखम धुऊन टाकायची, रोजचं औषध म्हणून नाही. गावात टर्पेंटाईन मिळत नसेल तर खोबरेल तेलात कापूर विरघळवून घाला, नाहीतर सीताफळाचा पाला वाटून लावा, हे आपल्या आज्या करायच्या तेच आहे आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या लम्पीच्या घरगुती उपचारातसुद्धा अळ्या असतील तर पहिल्या दिवशी हेच लावायला सांगितलंय. काढलेल्या अळ्या खाली टाकू नका हो, अळी मातीत जाऊन कोष करते आणि तिचीच माशी होऊन परत गोठ्यात येते, एखाद्या डब्यात रॉकेल घेऊन त्यात टाका, रॉकेलचं खरं काम ते. खोल खड्ड्यातल्या सगळ्या अळ्या एका दिवसात निघत नाहीत, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी परत बघावं लागतं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन आतल्या अळ्यांवर चांगलं काम करतं पण ते दुधात बरेच दिवस उतरत राहतं, तेव्हा गाय दुभती आहे का, गाभण आहे का हे डॉक्टरांना आधी सांगा आणि मेडिकलमधून परस्पर आणून टोचू नका.

अळ्या गेल्या की रोजचं ड्रेसिंग साधं ठेवा. एक लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात 9 ग्रॅम मीठ, मोठ्या सिरिंजनं जोरात धार मारून जखम धुवायची. मग पोव्हिडोन आयोडीन. हायड्रोजन पेरॉक्साईड फेसाळतं म्हणून लोकांना फार आवडतं, पहिल्या दिवशी घाण काढायला एकदा वापरलं तर चालतं, रोज घातलं तर नवीन मांस मारतं. नंतर कडुनिंबाचा पाला, लसूण आणि हळद तेलात उकळून गाळलेलं तेल लावलं तरी चालेल. जखमेच्या भोवतीनं चांगल्या कातडीवर कडुनिंबाचं नाहीतर करंजाचं तेल फिरवा म्हणजे माश्या बसत नाहीत, आणि हे रोज करा, माश्या सुट्टी घेत नाहीत.

पाय सुजलेला असेल आणि कातडी अजून फुटलेली नसेल तर कोमट मिठाच्या पाण्याचा शेक द्या. गाय बसूनच राहत असेल तर खाली उसाचं पाचट किंवा काड जाड अंथरा आणि दिवसातून तीन-चार वेळा कूस बदला, नाहीतर लम्पीच्या जखमा भरतील आणि बसून झालेल्या नवीन जखमा होतील.

अँटीबायोटिक लम्पीच्या व्हायरसला मारत नाही, ते वरून झालेल्या इन्फेक्शनसाठी असतं. दिलं तर कोर्स पूर्ण करा, एक दिवस टोचून बरं वाटलं म्हणून सोडू नका, आणि त्या दिवसांतलं आणि डॉक्टर सांगतील तितके पुढचे दिवसही दूध डेअरीला घालू नका. दुखण्यासाठी मेलोक्सिकॅम मागा. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात, तरी कुठं कुठं माणसांचं इंजेक्शन आणून टोचलं जातं.

आणि ज्याच्याकडे लक्ष जात नाही ते म्हणजे खाणं. जखम मलमानं भरत नाही, गाय भरते. मलमाचं काम फक्त माशी आणि घाण लांब ठेवण्याचं. नवीन मांस, नवीन कातडी, रोगाशी लढणाऱ्या पेशी हे सगळं प्रोटीनमधून बनतं आणि तुमची गाय तर तापात कितीतरी दिवस अर्धपोटी होती. नुसत्या कडब्यावर ती हे कुठून बनवणार? हिरवा चारा द्या, जमलं तर लसूणघास, पेंड हळूहळू वाढवा, मिनरल मिक्श्चर रोज द्या, त्यातलं झिंक कातडीला लागतं. दोन जखमा सारख्याच, औषध सारखंच, पण एक गाय तीन आठवड्यांत भरून येते आणि दुसरी दोन महिने झुरते, त्यात फरक बऱ्याचदा गव्हाणीचा असतो.

आता लसीचं. मला तुमचा राग समजतो, पण लस फुकट गेली असं म्हणू नका. 2022 मध्ये आपल्याकडे दिली ती शेळ्यांच्या देवीची लस होती, लम्पीचा व्हायरस आणि शेळी-मेंढीच्या देवीचे व्हायरस एकाच घरातले असल्यामुळे ती गाईला उपयोगी पडते, पण शंभर टक्के नाही. शिवाय प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. साथ गावात आल्यावर धावपळीत लस दिली असेल तर त्याआधीच चावलेल्या माशीनं किंवा डासानं व्हायरस आत सोडलेला असू शकतो, गाठी दिसायच्या आधीचे काही दिवस जनावर बाहेरून ठणठणीतच दिसतं. लस बर्फात ठेवली नसेल तरी ती कमजोर पडते. आणि एकच सुई सगळ्या गोठ्याला वापरली असेल तर त्या सुईनंच रोग फिरू शकतो, पुढच्या वेळी प्रत्येक जनावराला वेगळी सुई घ्या म्हणून आग्रह धरा, लाजू नका. ही गाय आता स्वतः आजार काढून उठली आहे, तिच्यात चांगली प्रतिकारशक्ती आहे, जखमा असताना तिला लस टोचायची गरज नाही.

जखमेवरून पडलेल्या खपल्या मात्र गोळा करून जाळा किंवा चुना टाकून खोल पुरा. वाळलेल्या खपलीत व्हायरस 35 दिवसांपर्यंत टिकतो. माणसाला लम्पी होत नाही, उकळलेलं दूध प्यायला हरकत नाही.

वासराचं तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून अँटिबॉडी (रोगाशी लढणारी प्रथिनं) मिळत नाहीत, त्या सगळ्या चिकातून येतात आणि वासराचं आतडं त्या पहिल्या 24 तासांतच शोषू शकतं, तेही पहिल्या काही तासांत सगळ्यात चांगलं. खरवस सगळ्यांनाच आवडतो पण आधी वासराचं पोट, वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात गेला पाहिजे, उरला तर खरवस. लस घेतलेल्या किंवा लम्पी होऊन गेलेल्या गाईच्या वासराला साधारण चार महिन्यांनंतर लस द्यायची, त्याआधी आईच्या अँटिबॉडी लसीला दबवतात. आईला यातलं काहीच झालेलं नसेल तर एवढं थांबायचं कारण नाही.

गाईला परत ताप आला, धाप लागली, नाकातून घट्ट पू यायला लागला किंवा जखम सांध्यापर्यंत गेलेली दिसली तर घरगुती काही न करता 1962 या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन करा, फिरतं पथक येतं. आणि वासरू किती महिन्यांचं आहे, त्याच्या जन्माआधी गाईला लस झाली होती का, हे खाली लिहा, म्हणजे त्याच्या लसीचं नक्की सांगता येईल.